ठमी कपाटावर, पिल्लू हॉलमध्ये

पत्र:

ताई, आमच्याकडे दोन मांजरं आहेत. ठमी ९ वर्षांची, बंड्या ४ वर्षांचा. दोघांचीही नसबंदी झालेली आहे. मागच्या मंगळवारी पावसात सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटरखाली मूठभर पिल्लू ओरडत होतं. दोन तास वाट पाहिली, आई फिरकली नाही, म्हणून वर आणलं. पांढरं-काळं-पिवळं आहे, डोळे अजून निळसर, पण खातं आपापलं. पुसून कोरडं केलं आणि हॉलच्या मधोमध ठेवलं. म्हटलं, होऊ दे ओळख. ठमी जी फिसकारली ती तडक आमच्या बेडरूममधल्या कपाटावर. बंड्याने एक पंजा मारला आणि दुसऱ्या रात्री आमच्या गादीवर मुतला. असं त्याने आजवर कधी केलं नव्हतं. आज पाचवा दिवस. रोज संध्याकाळी मी स्टुलावर चढून ठमीला खाली आणते, पिल्लाजवळ बसवते, ती मला ओरबाडून परत वर जाते. खाणं निम्म्यावर आलंय. सासूबाई म्हणतात, "भांडू दे, आपोआप जमतं." ह्यांचं म्हणणं, रविवारपर्यंत जमलं नाही तर मासळी बाजारात सोडून येऊ, तिथे उपाशी तरी राहणार नाही. मुलगा बारावीत आहे, तो पिल्लाला "जिलबी" म्हणायलाही लागलाय. माझं काय चुकलं?

– स., डोंबिवली

उत्तर:

स.ताई,

काय चुकलं ते सांगतेच, पण आधी गादीचं बघू. बंड्या रागावून मुतला असं घरात सगळ्यांनी धरलं असणार. तसं असेलही. पण ताण आला की बोक्यांच्या मूत्राशयाला सूज येऊ शकते, आणि त्यांची मूत्रनलिका इतकी अरुंद असते की ती बुजूही शकते. आजपासून त्याच्या ट्रेवर नजर ठेवा. तो पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय, थेंबभरच होतंय किंवा काहीच होत नाहीये, ओरडतोय, सारखा तिथेच चाटतोय, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री डॉक्टर गाठा. लघवी पूर्ण अडली तर दोन-तीन दिवसांत बोका दगावतो. आणि ठमी निम्मं खातेय तोवर धीर धरा, पण पूर्ण दिवस तिने तोंडात काहीच घेतलं नाही तर तीही डॉक्टरांकडे. मांजर, त्यातून अंगाने भरलेलं, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेतू शकतं.

आता चूक. तुम्ही ओळख करून द्यायला गेलात आणि नाकाच्या आधी डोळ्यांची भेट घातलीत, एवढंच. आपण माणसं चेहरा बघून ओळखतो, म्हणून पाहुण्याला दिवाणखान्यात बसवतो आणि "या, ह्या आमच्या ठमीबाई" म्हणतो. मांजराला हा प्रकारच कळत नाही. तिच्या लेखी घर म्हणजे भिंती नव्हेत, तिने गेली नऊ वर्षं गालाने, पंजाने, अंगाने ठिकठिकाणी लावून ठेवलेला वास. सोफ्याचा कोपरा, दाराची चौकट, तुमच्या पोटऱ्या, सगळ्यांवर तिची सही आहे. ती पोटरीला गाल घासते तेव्हा आपण म्हणतो लाडात आलीय. लाड असतातच, पण ती तुमच्यावरची पुसट झालेली सहीही गिरवत असते. एका घरातली मांजरं एकमेकांना अंग घासून, चाटून सगळ्यांचा मिळून एक वास तयार करतात, आणि तो वास ज्याच्या अंगाला आहे तो घरचा. जिलबीच्या अंगाला पार्किंगचा, पेट्रोलचा, तिच्या आईचा वास. ठमीच्या नाकाला ते पिल्लू नव्हतंच. कोणीतरी परका घरात शिरला होता, आणि तोही हॉलच्या मधोमध.

मांजराचा मूळ पूर्वज, आफ्रिकेतला रानमांजर, एकट्याने राहणारा आणि एकट्याने शिकार करणारा. कुत्र्यासारखी टोळी त्याला ठाऊक नव्हती. आपल्या घरातली मांजरं सोबत राहायला शिकली आहेत, पण कोणाबरोबर राहायचं हे त्यांचं त्यांना ठरवू द्यावं लागतं. तुम्ही रोज संध्याकाळी ठमीला उचलून पिल्लापाशी बसवता तेव्हा हा निर्णय तिच्या हातून काढून घेता. त्यावर तिच्याकडे एकच उत्तर उरतं, आणि ते तुमच्या हातावर उमटलंय. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने नीट धुतलीत ना? मांजराचा ओरखडा, चावा अंगावर काढू नये. डॉक्टरांना दाखवा.

सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. त्या ज्या घरात वाढल्या असतील तिथे ते खरंही होतं. आमच्या आजोळी तेच व्हायचं. माळा, कौलं, परसात विहिरीचा कठडा, गोठा. नवं मांजर आलं की जुनं उठून कौलावर जायचं, दोन दिवस तोंड दाखवायचं नाही, मग एक दिवस चुलीपाशी दोघंही चार हातांवर बसलेली दिसायची. आजी म्हणायची, जमलं आपोआप. पण त्या "आपोआप"ला जागा लागत होती. जुन्या मांजराला निघून जायची सोय होती. तुमच्या टू बीएचकेमध्ये ठमीचं कौल म्हणजे ते कपाट. तिथून पुढे वाट नाही. निघून जाता येत नाही तेव्हा मांजर लपतं, लढतं किंवा आजारी पडतं. हे सासूबाईंना असंच सांगून बघा. मांजरांसोबत राहिलेल्या बाईला ते पटेल, असा माझा अंदाज आहे.

मग करायचं काय? पाच दिवस झालेच नाहीत असं समजून पहिल्यापासून सुरुवात. पिल्लू आजच्या आज एका खोलीत, दार बंद. तुमची बेडरूम नको, तो ठमीचा किल्ला आहे. मुलाच्या खोलीत ठेवा. त्याच्या अभ्यासाचं काय ते तुम्ही बघा, पण एवढ्या वयाच्या पिल्लाला माणसाचा हात आणि आवाज मिळणं फार मोलाचं असतं. माणसाळण्याचा काळ साधारण सातव्या आठवड्यापर्यंतच असतो, नंतर तो वेग राहत नाही. खोलीत तिचं खाणं, पाणी, झोपायला पुठ्ठ्याचं खोकं आणि खाण्यापासून लांबच्या कोपऱ्यात उथळ ट्रे. पिल्लं वाळूही चघळून बघतात, त्यामुळे पाणी लागताच गोळा होणारी वाळू सध्या नको. वर्तमानपत्राचे तुकडे किंवा लाकडी गोळ्या चालतात. बाथरूमचं दार बंद ठेवा किंवा बादली रिकामी करा. भरलेल्या बादलीत पडलेली पिल्लं मी पाहिली आहेत. खिडकीला कबुतरांसाठी जाळी असेल तर तीही एकदा तपासा, एवढंसं डोकं त्यातून जाऊ शकतं.

दार बंद ठेवायचं ते निदान दोन आठवडे. मैत्री हे त्याचं अर्धंच कारण, बाकी अर्धं आजारपणाचं. रस्त्यावरच्या पिल्लाबरोबर सर्दी-डोळे येण्यापासून पॅनल्युकोपेनियापर्यंत काहीही येऊ शकतं. पॅनल्युकोपेनिया म्हणजे उलट्या-जुलाबांनी पिल्लाला दोन दिवसांत संपवणारा आजार. त्याचा विषाणू फरशीवर, चपलेला, कपड्याला महिनोन्महिने तग धरतो आणि लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला दहा दिवसही लागू शकतात. पाच दिवस सगळी एकत्र होतीच, तेव्हा जे लागायचं ते लागलं असेल, असं म्हणाल. असेलही. पण ठमी-बंड्याच्या लसी वेळेवर झालेल्या असतील तर काळजी पुष्कळ कमी. फाइल काढून तारखा बघा, आणि राहिल्या असतील तर पिल्लाबरोबर त्यांचीही वेळ घ्या.

याबाबतीत मी शहाणपण शिकवतेय ते पोळलेल्या तोंडाने. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर एक गोंडस पिल्लू मी थेट घरात मिसळू दिलं. त्याच्या कानामागे रुपयाएवढा केस गेलेला डाग होता, मला वाटलं भांडणात ओरखडला असेल. तो नायटा होता. पंधरा दिवसांत आमच्या तीन मांजरांना, मला, नवऱ्याला आणि पिल्लाला खेळवायला येणाऱ्या शेजारच्या मुलीला. भाऊबीजेला मी पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज शोधत होते. शेजारणीने नंतर तीन महिने माझ्याकडे साखरसुद्धा मागितली नाही.

तर याच आठवड्यात पिल्लाला व्हेटकडे न्या. किती वयाचं आहे ते ते दात बघून सांगतीलच. घरी अंदाज हवा तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. नीट पोसलेलं पिल्लू वयाच्या दर आठवड्यामागे साधारण शंभर ग्रॅम भरतं, म्हणजे पाच-सहाशे ग्रॅम असेल तर पाच-सहा आठवड्यांचं. निळसर डोळे त्याच्याशी जुळतात. जंताचं औषध, पिसवा असतील तर त्यांचा उपाय (कुत्र्यासाठीचं औषध चुकूनही नको, त्यातलं परमेथ्रीन मांजराला विषासारखं लागतं), सहा ते आठ आठवड्यांपासून तीन रोगांची एकत्र लस, जिला सगळे ट्रायकॅट म्हणतात, मग दर तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा, आणि वयाच्या तीन महिन्यांनंतर रेबीज. दूध देत असाल तर थांबवा, गाईच्या दुधाने जुलाब होतात. पिल्लांसाठीचं ओलं खाणं किंवा उकडून बारीक केलेलं बिनमिठाचं चिकन, दिवसातून चार-पाच वेळा. अंघोळ नको. आणि हो, पिल्लू तीनरंगी आहे ना? मग जिलबी हे नाव तिला शोभेल. तीन रंगांचं मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं. चौथ्या महिन्यातही मांजरी माजावर येऊ शकतात, तेव्हा तिच्या नसबंदीची तारीख व्हेटकडून आत्ताच विचारून ठेवा.

पहिल्या आठवड्यात मोठ्या दोघांनी दाराखालच्या फटीतून हुंगावं, एवढंच. बंड्या दारापाशी पंजे घालून बसेल. बसू दे. तुम्ही पिल्लाला हात लावलात की साबणाने धुवा, अंगावरचा गाऊन बदला. पिल्लू खातंपितं, शी घट्ट, डोळे-नाक कोरडे आणि डॉक्टरांनी बघितलेलं आहे अशी खात्री झाली की दुसऱ्या आठवड्यात वासाची देवाणघेवाण सुरू करा. मुलाचा जुना सुती मोजा घ्या, पिल्लाच्या गालांवरून, हनुवटीखालून फिरवा आणि ठमी-बंड्याच्या जेवणाच्या जागेपासून दोन-तीन हातांवर टाकून द्या. त्यांच्या नाकाशी नेऊ नका. दुसरा मोजा ठमीच्या गालावरून, तो पिल्लाच्या खोक्यात. पहिल्या दिवशी ठमी मोज्यावर फिसकारेल, कदाचित तोंड अर्धवट उघडून विचित्र चेहरा करील. घाबरू नका, टाळूपाशी वास "चाखायचं" एक खास इंद्रिय मांजरांना असतं, ते ती वापरतेय. मोज्याच्या शेजारी सुक्या बोंबलाचा तुकडा ठेवा. दोन-चार दिवसांनी ती मोज्याकडे बघणारही नाही, आणि आपल्याला हवं आहे ते नेमकं हेच. दुर्लक्ष म्हणजे मान्यता.

मग जेवण दाराशी. बंद दाराच्या अलीकडे मोठ्यांच्या वाट्या, पलीकडे जिलबीची. सुरुवातीला दारापासून इतक्या लांब की ठमी बिनघोर खाईल, मग रोज वीतभर जवळ. एखाद्या दिवशी ती खायची थांबली तर आदल्या दिवसाच्या जागी परत. गती बंड्याची नाही, ठमीची धरायची. बंड्या चार वर्षांचा धट्टाकट्टा गडी आहे, तो आठवड्यात पाघळेल असा माझा कयास आहे. त्याला पाहून तुम्हाला घाई सुटेल. अधूनमधून अर्धा तास जागांची अदलाबदलही करा: मोठी दोघं मुलाच्या खोलीत, जिलबी हॉलमध्ये मोकळी. प्रत्येकाने दुसऱ्याच्या गैरहजेरीत त्याचं घर हुंगून यावं.

बघाबघी त्यानंतर. दार बोटभर उघडून दोन्हीकडून अडकवून ठेवा, किंवा चौकटीला डासांची जाळी वेल्क्रोने लावा. जिलबी जाळीवर चढेल, म्हणून सोबत बसून पाच मिनिटंच. दोन्हीकडे खाऊ. सगळं ठीक असताना संपवा. "आज छान चाललंय, अजून थोडा वेळ ठेवू" हा मोह मला आजही होतो आणि दर वेळी शेवटच्या मिनिटाला माती खाल्ली जाते.

आणि मग प्रत्यक्ष भेट. आधी जिलबीला दोरी-पीस घेऊन वीस मिनिटं पळवा. दमलेलं, पोट भरलेलं पिल्लू मोठ्यांच्या शेपटीवर झेप घेत नाही. मोठ्यांनाही खायला काहीतरी द्या. कोणालाही मांडीवर धरून बसू नका. ठमीने फिसकारलं, गुरगुरली, नखं न काढता एक चापट मारली तर मध्ये पडू नका. पिल्लाला कोणीतरी "पुरे" म्हणायला हवंच आणि ते मांजरच नीट सांगू शकतं. नजर ठेवायची ती वेगळ्या गोष्टींवर: ताठ अंग, न हलणारी रोखलेली नजर, कान मागे चपटे, शेपटी फटकारणं, आणि पळणाऱ्याचा पाठलाग. तसं दिसलं की दोघांच्या मध्ये पुठ्ठा किंवा उशी सरकवा. हात घालू नका. ओरडणं नको, पाण्याचा फवारा तर नकोच. पिल्लू समोर आलं की आपल्या अंगावर पाणी पडतं, एवढीच ठमीची नोंद होईल.

तीन मांजरांना पुस्तकी हिशेबाने चार ट्रे लागतात, म्हणजे मांजरं अधिक एक. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये चार ट्रे म्हटल्यावर ह्यांचा चेहरा कसा होईल ते मला दिसतंय. निदान तीन ठेवा, पण तीन वेगवेगळ्या ठिकाणी. ओळीने मांडलेले तीन ट्रे मांजराच्या दृष्टीने एकच, कारण एक मांजर वाटेत बसलं की तिन्ही बंद. ठमीच्या कपाटावर जायला दोन पायऱ्या करा, टेबल आणि त्यावर भक्कम खोकं, म्हणजे नऊ वर्षांच्या सांध्यांना एका उडीत खाली यावं लागणार नाही. गादीचा डाग पाळीव प्राण्यांच्या डागांसाठी मिळणाऱ्या एन्झाइमच्या क्लीनरने काढा. वास उरला तर बंड्या पुन्हा तिथेच जाईल. फिनाईल मात्र घरातून काढाच. फिनॉलवाली जंतुनाशकं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, आणि फरशीवरून पंजाला, पंजावरून जिभेला लागायला वेळ लागत नाही.

आता ह्यांचा रविवार. दोन आठवडे दार बंद, मग दोन-चार आठवडे या सगळ्या पायऱ्या, म्हणजे गणपती येईपर्यंत धरून चाला. मासळी बाजाराची कल्पना आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय, "तिथे खायला मिळतं" म्हणून. खायला तिथल्या मोठ्या बोक्यांना मिळतं. सहा आठवड्यांचं, लस न झालेलं पिल्लू तिथे आठवडाही काढणार नाही. शिवाय प्राण्याला उपासमारीच्या तोंडी सोडून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. ह्यांना कायदा सांगायची वेळ येऊ नये, पण हाताशी असू दे.

दुसरी बाजूही सांगते. ठमी आणि जिलबी एका दुलईत झोपतील असं मी तुम्हाला कबूल करत नाही. नऊ वर्षांच्या मांजरीला दिवसभर धुडगूस घालणारं पोर आवडेलच असं नाही. एक सोफ्यावर, एक खुर्चीवर, येता-जाता एखादं फिसकारणं, आणि जेवणाच्या वेळी तिघंही स्वयंपाकघरात हजर, एवढं झालं तरी जमलं म्हणायचं. चाळीतल्या शेजारणींचं याहून जास्त कुठे जमतं? पण दोन-अडीच महिने मनापासून करूनही ठमी कपाटावरच राहात असेल, वजन घटत असेल, तर जिलबीसाठी चांगलं घर शोधा. अपराधी वाटून घेऊ नका. लस झालेलं, माणसाळलेलं, तीनरंगी पिल्लू घ्यायला माणसं तयार होतात. मांजरीची पिल्लं सात घरं फिरतात म्हणतात, तिचं दुसरं घर तुमच्या ओळखीचं तरी असेल. मुलाला मात्र ही शक्यता आजच सांगून ठेवा. नाव ठेवून झालंय.

आज संध्याकाळी फक्त एवढंच करा. जिलबी मुलाच्या खोलीत, दार बंद. ठमीची वाटी तिच्या कपाटावर, पाणी शेजारी. रात्री घर शांत झालं की ती आपणहून उतरेल, सगळं हुंगत फिरेल. तुम्ही जाग्या असलात तरी उठू नका, हाक मारू नका. आणि ते स्टूल बाल्कनीत ठेवून द्या.